जुन्या बागेत माळी शिकवताना: भायखळ्याच्या पहिल्या तुकडीच्या नोंदी

बाग एका विश्वस्त संस्थेची, एकराहून थोडी मोठी. विटांच्या किनारीच्या पायवाटा, दगडी कुंड, मोडकळीला आलेलं फर्नघर, कोयनेलची लांब कुंपणं आणि बरीच वयस्क झाडं. तुकडी आठ जणांची, मुदत एक वर्ष. असंच काम हाती घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी आहेत. त्यामुळे बागेचं वर्णन कमी, आणि काम कुठे अडलं ते जास्त.

8 जानेवारी

निवड संपली. 'बागकामाचा अनुभव' एवढंच मागितलं की लॉन टाकणारे आणि समारंभाला कुंड्या लावणारे येतात. म्हणून मुलाखतीऐवजी एक वाढलेलं जास्वंद दाखवून 'यात काय करशील' एवढंच विचारलं. जो आधी झुडपाभोवती फिरून खालून बघतो, तो उपयोगाचा. जो लगेच हात पुढे करतो त्याला शिकवता येतं, पण वेळ लागतो. चार जण ठेकेदारांकडे काम केलेले, दोन कृषी पदविकेचे, दोन अगदी नवे.

वेळ सकाळी 7 ते दुपारी 1. कर्जत-विरारकडून येणाऱ्यांना लोकलची गर्दी टळते आणि मे महिन्यात दुपारी उन्हात राबावं लागत नाही. विद्यावेतन दरमहा 12,000 आणि वर रेल्वेचा पास. ठेकेदार रोज 600-700 देतो, त्यामुळे ही रक्कम फक्त वेळेवर दिली तरच पोरं टिकतात. पाच तारीख चुकवायची नाही. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार उचलतं. तो हिशेबात धरला, पण पैसे देण्याची तारीख त्यावर टांगून ठेवली नाही.

15 जानेवारी

हत्यारं आली. माणशी एक सिकेटर (छाटणीची हातकात्री; देशी, 500 ते 700 रुपयांचं), एक खुरपं, हातमोजे, हेल्मेट, गमबूट. दोघांत एक वाकडी हातकरवत. सुताराची करवत ओल्या लाकडात भुशाने भरून अडकते, तिच्यावर पैसे घालवू नयेत. ओढताना कापणारी, मोठ्या दातांची करवत हवी. खुरपी लोहाराकडून करून घेतली. बाजारातल्या पत्र्याच्या खुरप्याचं टोक मुरमात दुमडतं.

दर शनिवारी शेवटचा अर्धा तास धार लावण्याचा. तेलाचा दगड, सिकेटरची फक्त उताराची बाजू घासायची, सपाट बाजूला हात लावायचा नाही. रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पातं स्पिरिटने पुसायचं.

सगळं मोजून पेटीत ठेवलं. मोजणी होईपर्यंत सिकेटर बाहेर येणार नाही असं तुकडीला सांगितलं. नाराजी झाली.

22 जानेवारी ते 12 फेब्रुवारी: मोजणी

जुन्या बागेत पहिलं काम कापणं नसतं, तिथे काय आहे ते कागदावर आणणं असतं. नंतरच्या प्रत्येक निर्णयाला हा कागद लागला.

आधी फोनच्या जीपीएसवर झाडांच्या जागा घेऊन पाहिल्या. दाट सावलीत ते पाच-दहा मीटर सरकतं, म्हणजे झाड सरळ शेजारच्या वाफ्यात जातं. ते सोडून टेपवर आलो. फाटकाचा उजवा खांब आणि कुंडाचा कोपरा हे न हलणारे दोन बिंदू धरले. झाडाचं दोन्हींपासूनचं अंतर घ्यायचं, कागदावर कंपासने दोन कंस काढायचे, छेदतील तिथे झाड. टेप 30 मीटरचा फायबरचा हवा, कापडी टेप ताणला की वाढतो. दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेच्या आसपासची झाडं या रीतीने नीट बसत नाहीत, कारण तिथे कंस एकमेकांना चाटून जातात आणि छेद कुठेही धरता येतो. त्यांच्यासाठी फर्नघराचा कोपरा हा तिसरा बिंदू घेतला. हे कळेपर्यंत एक बाजू पुन्हा मोजावी लागली.

खोडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर. बुंध्याला पाखं सुटलेली असतील तर ती संपतात त्याच्या वर मोजायचं आणि कोणत्या उंचीवर मोजलं तेही लिहायचं. वडाच्या पारंब्या खोडात धरायच्या नाहीत, जमिनीला टेकलेली प्रत्येक वेगळी. जोडीतल्या एकाने टेप धरायचा, दुसऱ्याने मागे जाऊन तो आडवा आहे का ते बघायचं. नाहीतर मागच्या बाजूला टेप घसरतो आणि घेर फुगतो.

क्रमांकाचे बिल्ले अ‍ॅल्युमिनियमचे, ठोकून उमटवलेले. खिळा नाही. स्प्रिंग घातलेल्या तारेचा सैल वेढा, म्हणजे खोड वाढलं तरी तार सालीत रुतत नाही. झुडपांना जमिनीतल्या खुंटीवर बिल्ला.

सर्वांत जास्त रंगलेलं काम लॉनखालची वाट शोधण्याचं. 10 मिलिमीटरची सळई, टोक घासलेलं, आडवी मूठ रबराने गुंडाळलेली. दर अर्ध्या मीटरला खुपसायची. मातीत सळई सरसर जाते, मुरूम लागला की कचकचून अडते, वीट लागली की झटका मनगटात येतो. जानेवारीत वरची माती इतकी कडक असते की सगळीकडे 'वीट' लागते, म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवायचं. लागलेल्या ठिकाणी बांबूच्या खुंट्या रोवल्या आणि दुपारपर्यंत कुंडाला वळसा घालणारी, कुणाच्याच आठवणीत नसलेली वाट डोळ्यांसमोर आली. तिच्यावर एकच आडवा चर घेतला, 30 सेंटिमीटर रुंद. वर लॉनची माती, मग मुरूम, दोन्ही कडांना उभ्या विटा.

याच कामात एका जागी सळईने निचऱ्याचा जुना चिनीमातीचा पाइप फुटला. प्लंबर, पाइपचा तुकडा आणि चर बुजवणं मिळून साडेचार हजार गेले. तेव्हापासून क्रम असा: आधी सगळ्या चेंबरची झाकणं उचलून पाइप कोणत्या दिशेने जातात ते नकाशावर काढायचं, बागेतल्या दिव्यांची वीज बंद करायची, आणि मगच सळई. वायरमनने टाकलेल्या केबल वीतभर खोलीवरही सापडतात.

5 फेब्रुवारी

छाटणीच्या परवानगीचा अर्ज दिला. फांदी आपल्या आवारातली असली तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, म्हणजे या बागेतली बहुतेक मोठी झाडं. 'धोकादायक फांद्या काढणे' असं मोघम लिहू नये. झाडाचा क्रमांक, नकाशावरची जागा, फांदीचा फोटो आणि काप कुठे घेणार तिथे लाल रेघ. असा कागद असला की पाहणीला आलेल्या माणसाला झाडाखाली उभं राहून अंदाज बांधावा लागत नाही.

अर्ज तुकडीनेच भरले. हेही प्रशिक्षणच आहे.

बाग किंवा आवार वारसा यादीत असेल तर किनार, कुंड, फाटक यांच्या दुरुस्तीलाही वेगळी मंजुरी लागते. मुंबईत वारसा नियमावली 1995 पासून आहे. तो कागद चुना भिजवण्याच्या आधी हातात हवा.

19 फेब्रुवारी: किनारीच्या विटा

मधल्या काळात कुणीतरी किनारीचे सांधे सिमेंटने भरले होते. जुनी वीट मऊ, सिमेंट तिच्याहून कडक. ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, विटेतून पडते, क्षार विटेच्या तोंडाशी साठतात आणि पापुद्रे सुटतात. शाबूत सांधा आणि खाल्लेली वीट दिसली की समजावं.

सिमेंट छिन्नीने काढलं. ग्राइंडर वापरला तर काम चौपट वेगाने होतं आणि विटेच्या कडाही तितक्याच वेगाने जातात. कळीचा चुना पिंपात भिजवून तीन आठवडे वर पाणी राहील असा ठेवला होता. मिश्रण: एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), एक भाग चाळलेली रेती. सुरखी आव्यातल्या चांगल्या भाजलेल्या विटेची हवी. कमी भाजलेल्या विटेची भुकटी म्हणजे नुसती माती. सांधा आधी ओला, मिश्रण घट्ट, दाबून भरायचं, वर सात दिवस ओलं गोणपाट. डोळ्यांना चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याची धार धरायची आणि थेट डॉक्टर.

दिवसाला माणशी दीड-दोन मीटर होतं. यापेक्षा जास्त झालं तर सांधे उघडून बघावेत.

11 मार्च: करवत

परवानगी मिळालेल्या फांद्यांआधी सराव पडलेल्या फांद्यांवर, लाकडी घोड्याला बांधून. पहिला काप खालून, खोडापासून फूट-दीड फुटावर, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. फांदी स्वतःच्या वजनाने तुटून पडते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, कॉलरच्या बाहेरून. कॉलर म्हणजे फांदी खोडाला मिळते तिथला फुगवटा. तो कापला तर जखम भरत नाही, आणि खुंट लांब ठेवला तर तो कुजून कूज खोडात उतरते.

ठेकेदाराकडून आलेल्यांचे हात खोडाला सपाट कापायला सवयीचे असतात, कारण ते 'स्वच्छ' दिसतं. एका वर्षावृक्षावर खालचा काप उथळ पडला आणि साल हातभर खाली सोलत गेली. लोंबणारी साल धारदार सुरीने कडेपर्यंत कापून टाकली, बाकी काही केलं नाही.

'काही केलं नाही' यावरच सर्वांत जास्त वाद झाला. आंब्या-काजूच्या बागेतून आलेल्यांचा हात आधी बोर्डो पेस्टकडे (मोरचूद-चुन्याच्या लेपाकडे) जातो. मोठ्या जुन्या झाडावर काप बरोबर असेल तर झाड आतून स्वतःची भिंत उभी करतं. वरून लेप लावल्याने कूज थांबत नाही, लेपाखाली ओल मात्र टिकते. पेस्ट रोपवाटिकेतल्या फळझाडांच्या कलमांसाठी ठेवली: मोरचूद 1 किलो आणि चुना 1 किलो, दोन्ही 5-5 लिटर पाण्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं. घासलेला लोखंडी खिळा बुडवून बघायचा. तांबूस थर आला तर चुना कमी आहे. त्याच दिवशी संपवायची.

एका जुन्या खोडाची ढोली कधीकाळी विटा-सिमेंटने बुजवलेली आहे. ती फोडू नये. आतली कड लाकडाला धरून बसलेली असते, फोडताना चांगलं लाकूड सुटतं. नवी ढोली मात्र भरायची नाही. ती पोपटांची, पिंगळ्यांची.

2 एप्रिल

दर मंगळवारी वीस नमुन्यांची ओळख-परीक्षा: मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ. गुण कागदावर लावले जातात, नाव न घेता.

आज परीक्षा राणीच्या बागेत. 1862 ची ही बाग मुंबईतल्या कुठल्याही माळ्यासाठी शाळाच आहे. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी, कृष्णवड, कोल्व्हिलिया एका फेरीत दाखवता येतात. एप्रिलमध्ये गोरखचिंच निष्पर्ण असते, खोडावरून ओळखायची. आसुपालवाला अशोक म्हणणं सगळ्यांचंच चुकतं. तो एकेरी, लाटदार कडेच्या पानाचा, तर सीता अशोकाचं पान संयुक्त. खरी अडचण सीता अशोक आणि उर्वशी यांत, फुलं नसतील तर. दोन्ही एकाच कुळातली, दोघांची कोवळी पालवी तांबूस आणि लुळी लोंबते. पालवीवरून ओळखणाऱ्यांना शून्य दिलं. जून पान उलटून बघायला लावलं, पर्णिकांची संख्या आणि टोक वहीत काढायला लावलं. चित्र वाईट असलं तरी चालतं, फोटो चालत नाही. फोटो काढणारा पान बघत नाही.

6 मे

रोपवाटिकेत पानांच्या कडा करपल्या. औषध फवारायची घाई झाली होती, ती थांबवली. विहिरीचं पाणी तपासलं: ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप) 2.6. मे महिन्यात पाणी खाली गेलं की समुद्राजवळच्या विहिरी अशाच खारावतात. ईसी मीटर दीड हजारात येतो, प्रत्येक जुन्या बागेत हवा. नियम केला: 2 च्या वर गेलं की रोपवाटिकेला विहिरीचं पाणी बंद, टँकरचं सुरू. मोठ्या झाडांना एरवीही रोज पाणी लागत नाही. कुंड्यांतले क्षार धुवायला एकदा भरपूर गोडं पाणी, खालून वाहून जाईपर्यंत.

फर्न बरेच गेले.

27 मे

किनारीचा राहिलेला तुकडा मे महिन्यात भरला होता. तो हाताने चोळला तर पीठ पडतं. उन्हाने सांधा चुना मुरायच्या आत वाळला, गोणपाट दुपारी कोरडं पडत राहिलं. सगळा काढून ठेवला, सांधे उघडेच राहतील. हे काम आता पावसानंतर, नोव्हेंबरात. फेब्रुवारीतला भाग नखाने खरवडत नाही. चुन्याचं काम होळीच्या आत संपवावं. मुंबईत त्यानंतर ऊन, मग पाऊस. दोन्ही ओल्या चुन्याचे वैरी.

18 जून: गुटी कलमं

पाऊस बसला. जुन्या बागेतलं झाड मेलं तर नर्सरीतून 'तसंच' आणून लावणं हा शेवटचा पर्याय. त्याच झाडाचा वंश हाताशी असावा. उर्वशीला मुंबईत शेंगा क्वचितच धरतात, तेव्हा गुटीच, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची.

करंगळीएवढी जाड, सरळ, मागच्या वर्षीची फांदी. अडीच ते तीन सेंटिमीटर रुंद सालीचं वळं काढायचं. खालचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडून कोरडा करायचा. हे राहिलं तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत. वरच्या कडेला मुळं फोडणाऱ्या संजीवकाची भुकटी. मॉस (वाळलेलं शेवाळ) भिजवून, मुठीत दाबून पाणी पूर्ण गळेपर्यंत पिळायचं, मूठभर गुंडाळायचं. वर प्लॅस्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. वरचं टोक अर्ध्या इंचानेही सैल राहिलं तर फांदीवरून ओघळणारं पाणी आत जातं.

वर क्रमांक, तारीख आणि बांधणाऱ्याचं नाव. नाव लिहायला लावल्यावर गाठी अचानक घट्ट झाल्या.

9 जुलै

दोन दिवस बाग पाण्याखाली. गमबूट नसेल तर आत नाही, पायाला जखम असेल तर गमबूट असूनही नाही. लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भीती खरी आहे. ताप आला तर अंगावर काढायचा नाही. झाडावर चढणं सप्टेंबरपर्यंत बंद.

एक जण काम सोडून गेला. ठेकेदाराकडे पावसाळी लागवडीचा रोज वाढतो, दर जुलैत हे होणार. पुढच्या वेळी तुकडी नऊची घ्यावी.

13 ऑगस्ट

गुट्या उघडल्या. निम्म्याहून जास्त गेल्या. गेलेल्यांपैकी बहुतेकांत मॉस काळं आणि वास येणारं, म्हणजे पाणी. काहींत साल जुळलेली. क्रमांकावरून पाहिलं तर ज्या सकाळी संततधार होती त्या सकाळच्या जवळपास सगळ्या कुजल्या. मॉस पिळूनही हातातच पुन्हा भिजत होतं. पुढच्या वर्षी बांधणी उघाडीच्या दिवशी, नाहीतर डोक्यावर ताडपत्री धरून. मुळं पांढरी असताना कापू नयेत. प्लॅस्टिकमधून तपकिरी दिसू लागली की खालून कापायचं, अर्धी पानं काढायची आणि पिशवीत सावलीत ठेवायचं. मिश्रण दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग रेती. खत हातात गरम लागलं किंवा वास आला तर परत पाठवायचं. त्यातूनच हुमणी येते.

कोयनेलची कुंपणं सुटली आहेत. पावसात दर तीन आठवड्यांनी कात्री. दोन टोकांना बांबू, मध्ये सुतळी, आणि खालची रुंदी वरच्यापेक्षा वीतभर जास्त. वर रुंद ठेवलं की खाली ऊन पोचत नाही आणि बुडखे उघडे पडतात; मग कितीही खत घाला, खाली पान येत नाही. इथलं पश्चिमेचं कुंपण असंच झालं आहे. ते एकदम खाली आणण्याऐवजी यंदा एक बाजू आत घेतली, पुढच्या पावसात दुसरी.

14 ऑक्टोबर

गळलेली पानं. झाडलोटवाले पहाटे सगळं गोळा करून गोणीत भरतात, कारण विश्वस्तांना स्वच्छ जमीन आवडते. वर्षानुवर्षं असं करून मोठ्या झाडांखालची जमीन सिमेंटसारखी झाली आहे. वाद घालण्यापेक्षा विटांची किनार कामी आली. किनारीच्या आत चार बोटं जाड पानांचा थर, बाहेर लख्ख झाडलेली वाट. नीट आखलेली कड दिसली की तोच पालापाचोळा मुद्दाम केलेला वाटतो आणि कुणी तक्रार करत नाही. थर खोडाला टेकवायचा नाही, वीतभर जागा सोडायची, नाहीतर साल ओली राहते आणि वाळवी चढते.

दोन झाडांभोवतीचे पेव्हर ब्लॉक उचलले. ब्रेकर नाही, पहार आणि हात. खाली बोटाएवढी मुळं पृष्ठभागालाच होती. ती उघडी पडताच ओल्या गोणपाटाखाली घेतली आणि त्याच दिवशी पोयटा व पालाखत भरलं.

2 डिसेंबर

किनारीचा राहिलेला तुकडा नोव्हेंबरात भरून झाला, नखाने तपासला, चांगला आहे.

शेवटची परीक्षा हाताची. प्रत्येकाला बागेचा एक चौकोन आणि पुढच्या बारा महिन्यांचं काम लिहायचं: काय, कधी, कोणत्या परवानगीने, आणि काय करायचं नाही. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवणाऱ्याला पुन्हा लिहायला लावलं. सातांपैकी दोघांना इथेच ठेवलं आहे, पुढच्या तुकडीचे जोडीदार म्हणून.

पुढच्या तुकडीसाठी आताच सांगून ठेवायचं: कळीचा चुना आणि सुरखी 10 जानेवारीपर्यंत, फायबर टेप आणखी एक, मॉस मे महिन्यात (जूनमध्ये भाव चढतो), छाटणीचे अर्ज जानेवारीअखेर. पश्चिमेच्या कुंपणाची दुसरी बाजू पहिल्या पावसानंतर, त्याआधी कुणी हात लावू नये.